जुनी बंदूक बघायची कशी: संग्रहालयात जाणाऱ्या इंदूरकरांसाठी

एअरपोर्टच्या बाजूला, बिजासनला, बीएसएफची हत्यारांची शाळा आहे, सेंट्रल स्कूल ऑफ वेपन्स अँड टॅक्टिक्स, आणि तिथे आत बंदुकांचं चांगलं मोठं संग्रहालय आहे हे आपल्याकडच्या बऱ्याच मराठी घरांत अजून माहीतच नाही. जे जाऊन येतात ते सांगतात की बापरे केवढ्या बंदुका, पण सगळ्या सारख्याच दिसतात. सारख्या नसतात हो. कुठे बघायचं ते कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून माणूस पाटी वाचतो, फोटो काढतो आणि पुढे सरकतो. जागा कॅम्पसच्या आत आहे तेव्हा आधी विचारून, ओळखपत्र खिशात घेऊन जा, मुलांना नक्की न्या. आणि हे जे खाली लिहितोय ते तिथेच नाही, ग्वाल्हेरला जयविलासमध्ये किंवा बडोद्याला लक्ष्मी विलासमध्ये गेलात तरी तेवढंच उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, पाटी शेवटी वाचायची. बंदूक कोणाची होती, कुठल्या लढाईतली, हे सगळं नंतर. आधी बघायचं की आग कुठे आणि कशी लागते. कुंदा, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, संपून नळी सुरू होते तिथे उजव्या बाजूला डोळे न्या आणि तिथेच थांबा, निम्मा इतिहास त्या चार बोटांच्या जागेत असतो.

तिथे लाकडाच्या फटीतून वर आलेलं एक वाकडं लोखंडी बोट दिसलं, टोकाला चिरलेलं, आणि नळीच्या बाजूला छोटी वाटी, तर ती तोड्याची बंदूक. त्या चिरलेल्या टोकात जळती जामगी, म्हणजे धुमसती दोरी, अडकवायची, वाटीत रंजक म्हणजे बारीक दारू, चाप दाबला की जामगी वाटीत टेकते आणि बारीक भोकातून आग आतल्या दारूला जाते. आपल्याकडच्या तोडेदार बंदुकीत चाप म्हणजे एक चपटी लोखंडी पट्टी असते, कधी कधी तिच्यावर सुंदर जाळीकाम, आणि वाटीजवळ साखळीला लटकवलेली सुई असते, भोक बुजलं की टोचायला. ही सुई मुलांना दाखवा, ती हमखास नजरेतून सुटते. नळी लाकडाला कशी बांधलीय तेही बघा, पट्ट्या असतील, चामड्याची वादी असेल किंवा तार. लोक म्हणतात हिंदुस्थानात एवढी शतकं तोड्याचीच बंदूक वापरत राहिले म्हणजे मागासलेले होते, मला हे अजिबात पटत नाही. तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, गावचा लोहार ती दुरुस्त करतो, गारेचा तुकडा बाहेरून आणावा लागत नाही, आणि आपल्याकडे नळी इतकी चांगली बनायची की गोळी जास्तच लांब जायची.

नळीवर जरा वेळ द्याच. उजेड तिरपा पडेल असे उभे रहा, काही नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. ती वरून काढलेली नसते, लोखंडाच्या पट्ट्या तापवून, पीळ देऊन, ठोकून जोडलेल्या असतात त्याची ती खूण. अकबराच्या कारखान्याबद्दल अबुल फजलने लिहून ठेवलंय की आधी लोखंड पत्र्यासारखं करून कडा जोडायचे, पण मग कागदाची सुरळी करतात तसं तिरकं गुंडाळत जायची पद्धत आली, त्यामुळे जोड एकाच रेषेत राहत नाही आणि बार उडवताना नळी त्या रेषेत फाटत नाही. त्यानेच असंही लिहिलंय की बैलाकडून, म्हणजे खरं तर गाईकडून, फिरवायचं एक चाक होतं आणि त्यावर एकावेळी १६ नळ्या आतून साफ व्हायच्या. सोळाव्या शतकातली गोष्ट आहे ही. एका फिरत्या चाकावर सोळा नळ्या म्हणजे कारखानाच झाला की, आणि आपण शाळेत शिकलो की कारखाने फक्त विलायतेत होते.

आता वाकड्या बोटाच्या जागी जबडा असलेला घोडा, म्हणजे चाप दाबला की आपटणारा भाग, दिसला, जबड्यात गारेचा तुकडा, समोर उभी पोलादी पट्टी आणि खाली वाटीवर झाकण, तर ती गारेची बंदूक, फ्लिंटलॉक. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ही रचना जमली आणि मग हळूहळू युरोपच्या सगळ्या फौजांत हीच आली, ती एकोणिसाव्या शतकापर्यंत राहिली. जामगी गेली, पाऊसवारा थोडाफार चालतो, रात्री अंगाराचा ठिपका शत्रूला दिसत नाही आणि शिपाई एकमेकांना खेटून उभे राहू शकतात कारण शेजाऱ्याच्या हातात जळती दोरी नाही. पण आत कमानी आल्या, आणि ती उभी पट्टी वरून कडक करावी लागते, ती नीट कडक झाली नाही तर गार कितीही आपटा ठिणगी पडत नाही. म्हणजे आता गावच्या लोहाराचं काम राहिलं नाही, पोलादाला पाणी देणारा कारागीर पाहिजे.

इंग्रजांची ब्राऊन बेस ही याच जातीतली. तिची नळी सुरुवातीला ४६ इंची होती, कंपनी सरकारने आपल्या फौजेसाठी ३९ इंचाची सुटसुटीत आवृत्ती करून घेतली, नाव इंडिया पॅटर्न, आणि फ्रान्सशी लढाई पेटल्यावर विलायतेच्या सरकारलाच बंदुका कमी पडल्या तेव्हा त्यांनी कंपनीचा हा माल उचलला आणि १७९७ पासून तोच आपला नमुना केला. म्हणजे वॉटर्लूला इंग्रजांच्या शिपायाच्या हातात जी बंदूक होती तिचा नमुना हिंदुस्थानासाठी ठरलेला होता. संग्रहालयात अशी बंदूक दिसली की घोड्यामागच्या लोखंडी पाटीवर वाकून बघा. बदामासारखा आकार, त्याचे भाग पाडलेले आणि आत अक्षरं, तर तो कंपनीचा जुना शिक्का. मागच्या पायांवर उभा सिंह दिसला तर साधारण १८०८ नंतरची. सिंहाच्या पंज्यात मुकुट असतो, तो झिजलेला असतो बऱ्याचदा, मोबाईलचा टॉर्च बाजूने मारा म्हणजे उठून दिसतो, काचेवर समोरून मारलात तर फक्त चकाकी दिसेल.

इथे मराठ्यांचं सांगतो कारण संग्रहालयात कोणी ना कोणी म्हणतंच की आपल्या लोकांकडे धड बंदुकाच नव्हत्या म्हणून राज्य गेलं. महादजी शिंद्यांनी द बॉयन नावाच्या माणसाला ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या हे माहीत असतं, पण त्या पलटणींना बंदुका कुठून आल्या हे कोणी विचारत नाही. आग्र्याला कारखाना होता, त्यावर सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस होता, तिथे तोफा ओतल्या जायच्या आणि युरोपच्या तोडीच्या गारेच्या बंदुका बनायच्या, एक साधारण १० रुपयांना पडायची. दहा रुपये! बनवणारे हात आपल्याच कारागिरांचे. होळकरांकडेही हे भान होतं, यशवंतरावांनी भानपुऱ्याला तोफा ओतायचं काम उभं केलं आणि शेवटपर्यंत त्यातच जीव घातला. असईला २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीची जी माणसं पडली ती शिंद्यांच्या तोफा आणि पलटणी निकृष्ट होत्या म्हणून नाही पडली. घात दुसरीकडे झाला, पलटणींचे बरेच गोरे अधिकारी ऐन लढाईच्या तोंडावर सोडून गेले, द बॉयननंतर पलटणींचा सेनापती झालेला पेराँ स्वतः इंग्रजांच्या आसऱ्याला गेला, आणि ऑक्टोबरमध्ये आग्रा पडलं तसा तो कारखाना पण गेला. बंदूक चांगली होती, बंदूक बनवायची जागा आणि हुकूम देणारी माणसं हातातून निसटली. हा फरक मुलांना समजावून सांगा, शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत उरकतात.

पुढची खूण ओळखायला सगळ्यात सोपी. घोड्याच्या जबड्यात गार नाही, घोडा हातोड्यासारखा भरीव, टोकाला खोलगट, आणि तो जिथे आपटतो तिथे बारीक पोकळ गुंडी, तर ती टोपीची बंदूक. अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याने १८०७ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याला पक्षी मारायचा नाद, आणि वाटीतल्या दारूचा जाळ दिसला की पाखरं बार सुटायच्या आत उडून जायची, म्हणून त्याने आपटल्यावर पेट घेणारं मिश्रण वापरलं. त्यावरून पुढे तांब्याची टोपी आली आणि इंग्रजांच्या फौजेने ती १८४० च्या आसपास घेतली. कित्येक जुन्या गारेच्या बंदुका तेव्हा टोपीच्या करून घेतल्या, तेव्हा घोड्याजवळच्या लोखंडी पाटीवर वाटी काढून टाकल्याची, भोकं बुजवल्याची खूण दिसते का बघा. दिसली तर तुम्ही एकाच बंदुकीत दोन जमाने बघताय.

यानंतर नळीच्या तोंडात डोकवा, अर्थात काचेच्या बाहेरून, जेवढं दिसेल तेवढं. आत गुळगुळीत आहे की फिरत जाणाऱ्या खाचा आहेत? खाचा असल्या तर रायफल. खाचा फार आधीपासून माहीत होत्या पण गोळी त्यात ठासून बसवायला वेळ लागायचा, लढाईत एका मिनिटाला तीन बार काढणाऱ्या शिपायाला ते परवडायचं नाही. १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिएने बुडाला पोकळ असलेली लांबट गोळी काढली, ती सैलपणे आत सरकते आणि बार उडाला की फुगून खाचांत बसते. त्यावरून आली १८५३ ची एनफील्ड, ०.५७७ इंच, आत ३ खाचा, आणि तिच्याच कागदी काडतुसावरून १८५७ ला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पण त्यानंतर काय झालं ते फार थोड्यांना माहीत असतं आणि संग्रहालयात ते प्रत्यक्ष लोखंडात बघायला मिळतं, म्हणून इथे घाई करू नका. एखादी बंदूक अगदी एनफील्डसारखी दिसेल, तेच लाकूड, नळीवर त्याच तीन पट्ट्या, तोच टोपीचा घोडा. फक्त नेम धरायचं मागचं शिडीसारखं उघडणारं निशाण नसेल, त्याच्या जागी नुसता एक ठोकळा, आणि नळीत बघितलं तर खाचाच नाहीत, सपाट. ही १८५७ नंतर मुद्दाम हिंदी शिपायांसाठी केलेली बंदूक आहे, १८५८ आणि १८५९ चे नमुने, आतल्या खाचा कोरून काढून नळी ०.६५६ इंचाची गुळगुळीत केलेली. बाहेरून बघणाऱ्याला कळू नये पण गोरा शिपाई शेकडो यार्डांवरून मारू शकेल आणि काळा शिपाई जवळ आल्याशिवाय नाही, असा तो हिशोब. मग पुढे तेच चालू राहिलं, गोऱ्यांकडे मागून भरायची मार्टिनी हेन्री आली की हिंदी पलटणींना त्यांची जुनी स्नायडर, गोऱ्यांना ०.३०३ ची मॅगझिन रायफल मिळाली की मग हिंदींना मार्टिनी. अविश्वास कागदावर तर आहेच पण तो ड्रिलने नळीच्या आत पण कोरलाय, आणि मला वाटतं अख्ख्या संग्रहालयात बघण्यासारखी एक वस्तू निवडायची तर ही. दोन्ही बंदुका जवळपास लावलेल्या असतील तर पोरांना म्हणा फरक शोध. शोधतात, मोठ्यांपेक्षा लवकर.

स्नायडर आणि मार्टिनी ओळखायच्या कशा, तर स्नायडरला अजून घोडा बाहेर आहे आणि त्याच्यापुढे बाजूला उघडणारं बिजागरीचं झाकण, कारण ती १८६६ पासून जुन्या एनफील्डच्याच नळ्या मागून कापून केलेली. मार्टिनीला बाहेर घोडाच नाही, खाली मुठीमागे लांब दांडी, ती ओढली की आतला ठोकळा खाली पडतो. त्या दांडीनेच ती ओळखायची.

आता बनवण्याबद्दल, कारण माझ्या मते लोक यालाच सगळ्यात कमी वेळ देतात. जुन्या बंदुकीचा एक स्क्रू दुसरीला बसायचा नाही. प्रत्येक भाग कानशीने घासून त्या त्या बंदुकीला जुळवलेला, म्हणून सुट्या भागांवर, स्क्रूच्या डोक्यावर छोट्या रेघा किंवा आकडे असतात, उघडल्यावर कुठला कुठे हे कळायला. अशा रेघा दिसल्या तर हाताने जुळवलेली बंदूक. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँने १७८५ मध्ये अमेरिकेच्या जेफरसनला सुटे भाग ढिगातून उचलून घोडा-चापाची कळ जोडून दाखवली होती, तरी ते खऱ्या अर्थाने जमलं अमेरिकेत, हार्पर्स फेरीला जॉन हॉलने १८२० च्या दशकात गेज आणि मशिनी लावून. स्प्रिंगफील्डला ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास कुंद्याचं वेडंवाकडं लाकूड कापणारी लेथ केली, एका बाजूला लोखंडी नमुना फिरतो आणि दुसऱ्या बाजूला तसंच लाकूड कापलं जातं. इंग्रजांनी १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात अमेरिकन रायफली बघितल्या, मग माणसं पाठवून मशिनी विकत घेतल्या आणि एनफील्डला १८५० च्या दशकाच्या शेवटी मशिनवर बंदुका निघायला लागल्या. आज आपण पिथमपूरला एका गाडीचा नट तशाच दुसऱ्या गाडीला बसतो ते गृहीत धरतो, ती पद्धत आधी बंदुकीत पक्की झाली.

आपल्याकडचं ठिकाण म्हणजे बंगालमधलं ईशापूर. तिथे १७८७ पासून दारूचा कारखाना, आणि त्याच जागेवर १९०४ ला रायफल फॅक्टरी. ली एनफील्डची आखूड ०.३०३, जी आपण जुन्या पोलिसांच्या खांद्यावर बघितलीय, पुढचं तोंड बोथट, नळी लाकडाच्या बाहेर जवळपास येतच नाही, ती तिथे बनायची. मुठीजवळच्या पट्टीवर बघा. मुकुट आणि जी आर, म्हणजे राजा जॉर्ज, असेल तर इंग्रजी अमदानी, अशोकस्तंभ असेल तर आपली. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गच्च गुंडाळलेली दिसली तर ती बंदूक ग्रेनेड फेकायला वापरायची, लाकूड फुटू नये म्हणून तार. आणि मॅगझिन खाली जास्त चौकोनी असेल तर ती १९६२ च्या चीनच्या लढाईनंतरची, तीच रायफल ७.६२ मिलिमीटरला बदलून काढलेली, नाव टू ए. तिच्या मागच्या निशाणावर अंतर २००० पर्यंत लिहिलेलं, नंतरच्या टू ए वनवर ८०० पर्यंतच, कारण दोन हजारावर नेम धरून कोणी मारत नव्हतं. पुढे सेल्फ लोडिंग रायफल, मग इन्सास रायफल, जी कारगिलला होती, हे टप्पे पाटीवरून कळतात, तिथे मी जास्त लिहीत नाही.

शिक्के बघताना एक सावधगिरी. सरहद्दीकडे, दर्रा आदम खेलला, हाताने नकला करणारे कारागीर होते आणि आहेत, आणि ते शिक्केसुद्धा उतरवायचे. व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, ती जानेवारी १९०१ मध्ये वारली, आणि शिक्का व्ही आरचा पण साल १९०७ किंवा १९१५ असेल तर ती नक्कल. कुठे इंग्रजी अक्षर उलटं कोरलेलं असतं. नक्कल म्हणून नाक मुरडू नका, कानशी आणि भाता एवढ्यावर अख्खी रायफल उभी करणं हे साधं काम नाही.

एके ४७ समोर तर गर्दी असतेच. तिथे पण मॅगझिनच्या वरच्या बाजूला, लोखंडी पेटीवर बघा. लांबट आयताकृती खोलगट भाग असेल तर ती पेटी पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेली. त्या जागी छोटासाच खळगा आणि बाजूला रिव्हेट असतील तर पत्रा प्रेसमध्ये दाबून केलेली, एकेएम, १९५९ ची. खरं तर रशियनांना सुरुवातीपासून पत्र्याचीच करायची होती, पण पत्रा नीट दाबला जाईना, बरेच तुकडे फेकावे लागायचे, म्हणून मधली काही वर्षं महागडं कोरीवकाम केलं. एवढ्या गाजलेल्या रायफलचं घोडं सुद्धा प्रेसच्या मशिनवर अडलं होतं.

आता शेवटचं, घरच्या बंदुकीबद्दल, कारण आपल्याकडे जुन्या सरदार-जहागीरदारांच्या घरांत भिंतीवर एखादी असतेच. ती रिकामी आहे असं कधीही धरून चालू नका. तोंडाकडून भरायच्या ठासणीच्या बंदुकीत आतली दारू बाहेरून दिसत नाही आणि कित्येक तशाच भरलेल्या ठेवून दिलेल्या असतात. घोडा ओढून बघू नका, भोकात काही घालू नका, मुलांच्या हातात देऊ नका, जाणकाराकडून तपासून घ्या आणि कागदपत्रांचं काय ते ठाण्यात जाऊन विचारा. आणि हात जोडून सांगतो, दिवाळीच्या साफसफाईत तिला लिंबू, चिंच, ब्रासो, पॉलिश पेपर काही लावू नका. वर जे शिक्के, रेघा आणि नळीवरच्या लाटा सांगितल्या त्या सगळ्या वरच्या पातळ थरात असतात आणि एका दुपारच्या घासण्यात कायमच्या जातात. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा, ओल येते त्या भिंतीवरून काढा, नुसत्या बोटांनी लोखंडाला हात लावू नका कारण घामाने गंज धरतो, आणि शिक्क्याचे फोटो तिरप्या उजेडात काढून, कोणाकडून आली, घरातले म्हातारे काय सांगतात, ते एका वहीत लिहून वही बंदुकीपासून वेगळ्या कपाटात ठेवा.